चिखल, पेंढा आणि प्रकाश : आयर्लंडच्या कलेविषयी वाचकांचे प्रश्न

आयर्लंडमधल्या आजच्या कलेवर, विशेषतः जमीन, निसर्ग आणि विधी यांना हात घालणाऱ्या कामांवर, गेल्या अंकात लेख आला होता. त्यावर ठाणे आणि नवी मुंबईतून बरीच पत्रं आली. खाडी, कांदळवन, येऊरचं जंगल आणि कोळीवाडे शेजारी असलेल्या वाचकांना हा विषय आपला वाटला, याचा आनंद आहे. बहुतेकांना काहीतरी स्वतः करून बघायचं आहे, तेव्हा उत्तरंही हात मळवायला तयार असणाऱ्यांसाठी दिली आहेत.

प्रश्न : आयर्लंडची कला म्हटलं की हिरव्यागार टेकड्यांची चित्रं एवढंच डोळ्यांपुढे येतं. सुरुवात कुणापासून करू?
– कला महाविद्यालयातली विद्यार्थिनी, घोडबंदर रोड

उत्तर : ती हिरवळ बरीचशी चराईची आहे, इथूनच सुरुवात करा. विसाव्या शतकाच्या आरंभी आयर्लंडमध्ये जंगल जेमतेम १ टक्का उरलं होतं. आज ते ११-१२ टक्क्यांवर आलंय, पण त्यात सर्वाधिक झाडं सिटका स्प्रूसची, म्हणजे उत्तर अमेरिकेतून आणून लाकडासाठी रांगेत लावलेली. देशाचा साधारण १६ ते २० टक्के भाग पीटच्या, म्हणजे पूर्ण न कुजता साचलेल्या शेवाळाच्या, दलदलीचा, ज्याला तिथे बॉग म्हणतात. वर्षाला सुमारे १ मिलिमीटर या गतीने हजारो वर्षं साचलेला हा थर चुलीसाठी आणि वीजकेंद्रांसाठी कापला गेला. बॉर्ड ना मोना या सरकारी कंपनीने पीट काढणं कायमचं बंद केल्याचं जाहीर केलं ते जानेवारी २०२१ मध्ये. एवढं माहीत असलं की तिथली कामं वेगळी दिसू लागतात.

आधी कॅथी प्रेंडरगास्टची १९८३ ची 'बॉडी मॅप' मालिका पाहा. जुन्या सर्वेक्षणाच्या नकाशांच्या शैलीत तिने बाईचं शरीर रेखाटलंय. त्यात खाणी आहेत, पाणी वळवायच्या योजना आहेत. मग डोरोथी क्रॉसचं 'घोस्ट शिप', त्याबद्दल खाली सविस्तर आहे. त्यानंतर जॉन जेरार्डचं 'मिरर पॅव्हिलियन'. २०२० मध्ये गॉलवे शहरात क्लॅडाच्या धक्क्यावर त्याने एक मोठा चौकोनी ठोकळा उभा केला. तीन बाजू आणि छत आरशाचं, चौथ्या बाजूला एलईडी पडदा. त्या पडद्यावर 'कॉर्न वर्क' चालायचं, अंगभर पेंढा ल्यालेल्या आकृत्या नदीकाठी गोल फिरत राहायच्या. ते चित्रीकरण वाटतं, पण प्रत्यक्षात संगणक प्रत्येक क्षणी ते नव्याने घडवत असतो, आणि त्यातले ऋतूही बदलतात.

डब्लिनच्या आयरिश म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टचा संग्रह त्यांच्या संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतो. पाहताना प्रत्येक कामापुढे लिहून ठेवा : साहित्य कुठून आलं, काम वर्षाच्या कोणत्या काळात झालं, आणि संपल्यावर त्या जागेचं काय झालं. कलाकृती कशी दिसते यापेक्षा या नोंदींतून तुम्ही जास्त शिकाल. जागेशी कसं वागायचं हे या कलाकारांकडून घ्यावं. त्यांचे आकार मात्र त्यांच्याकडेच राहू द्यावेत.

प्रश्न : तिथले कलाकार पीट वापरतात, तसा मी खाडीचा चिखल रंग म्हणून वापरला. कागदावर काळाभोर होता, आठवड्यात तपकिरी झाला. पावसाळ्यात वर पांढरी पूड आली आणि कागद पिवळा पडून ठिसूळ झाला. काय चुकलं?
– वाचक, सीबीडी बेलापूर

उत्तर : तिन्ही गोष्टींची कारणं वेगवेगळी आहेत. आधी पीट आणि खाडीचा गाळ यांतला फरक पाहू. पीट म्हणजे पूर्ण न कुजलेलं शेवाळ. त्या दलदलीत आम्लता जास्त, प्राणवायू जवळपास नाही आणि थंडी, त्यामुळे त्यात पडलेलं टिकतं. शतकानुशतकांपूर्वी पुरून ठेवलेलं लोणीसुद्धा तिथे सापडतं. जोसेफ बॉइस या जर्मन कलाकाराने १९७४ मध्ये पीटच्या विटांमध्ये लोणी थापून 'आयरिश एनर्जीज' केलं, ते याच जमिनीवरून. ठाण्याच्या खाडीचा गाळ मात्र खारा, गंधकयुक्त आणि बारीक मातीचा. त्याला पीटसारखं वागवलं की तो दगा देतो.

काळा रंग लोहाच्या सल्फाइडचा असतो. हवा लागली की लोह गंजतं आणि तपकिरी होतं. हे थांबवता येत नाही, तेव्हा तपकिरी-राखाडी हाच या गाळाचा खरा रंग धरून चाला. पांढरी पूड म्हणजे मीठ. हवेतला ओलावा वाढला की ते विरघळून वर येतं आणि वाळलं की फुलतं. कागद ठिसूळ झाला तो आम्लामुळे, कारण सल्फाइडचं हवेत गंधकाम्ल होतं.

गाळ कांदळवनात शिरून काढू नका. महाराष्ट्रात कांदळवनांना कायद्याचं संरक्षण आहे, भोवतालच्या ५० मीटर पट्ट्यातही काही करायला मनाई आहे, आणि ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०२२ पासून रामसर, म्हणजे पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय, यादीत आहे. बंदरावर होड्या ओढतात तिथे नांगराला आणि दोरांना लागलेला गाळ कोळी बांधव आनंदाने देतात. ओला २ किलो पुष्कळ झाला.

१ भाग गाळाला ५ भाग पाणी घालून बादलीत ढवळा, रात्रभर ठेवा, सकाळी वरचं पाणी ओता. पहिल्या दोन-तीन धुण्यांत पाणी पटकन नितळ होतं, कारण मिठामुळे मातीचे कण एकमेकांना चिकटून खाली बसतात. पुढे चौथ्या-पाचव्या धुण्यानंतर सकाळीही पाणी गढूळच दिसायला लागतं. इथे बरेच जण घाबरून ते ओतून देतात. तसं करू नका. मीठ निघत चाललंय याची ती खूण आहे, आणि सगळ्यात बारीक, सगळ्यात चांगला रंग त्याच गढूळ पाण्यात असतो. अशा वेळी दोन-तीन दिवस थांबा. घरात पाणी तपासायचा टीडीएस मीटर असेल तर वरच्या पाण्याचा आकडा नळाच्या पाण्याच्या जवळ येईपर्यंत धूत राहा. सहा ते आठ वेळा लागतात. धुवणाचं खारं पाणी कुंड्यांत घालू नका, झाडं मरतील.

नंतर गाळ ओला असतानाच ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून काढा आणि पसरट ताटात वाळवा. पीएच पट्टीने तपासा. ७ च्या खाली असेल तर वजनाच्या ५ टक्के शुद्ध खडूची पूड मिसळा. बांधणीसाठी बाभळीचा डिंक : १ भाग डिंक २ भाग कोमट पाण्यात रात्रभर भिजवा, गाळून घ्या, त्यात चमचाभर मध आणि बुरशी येऊ नये म्हणून लवंगेच्या तेलाचे एक-दोन थेंब. रंग पातळ थरांत लावा. एकाच वेळी जाड लावला की माती आकसून भेगा पडतात.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. खाडीला ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्याचं सांडपाणी अनेक दशकं मिळालेलं आहे, त्यामुळे गाळात जड धातू असतात. हातमोजे घाला, सुकी पूड कुटायची वेळ आली तर एन-९५ मास्क लावा, आणि लहान मुलांच्या कार्यशाळेत हा रंग आणूच नका.

प्रश्न : डोरोथी क्रॉसने अंधारात उजळणारं जहाज केलं, तसं नारळी पौर्णिमेला आमच्या एका जुन्या होडीचं करायचं आहे. रंग कोणता घ्यायचा?
– मंडळाचे कार्यकर्ते, दिवाळे कोळीवाडा

उत्तर : कल्पना सुंदर आहे, दिवस चुकीचा आहे. पौर्णिमेच्या चांदण्यात हा प्रकाश दिसणारच नाही.

'घोस्ट शिप' १९९९ चं. डब्लिनजवळ डून लेअरीच्या स्कॉट्समन्स बे मध्ये क्रॉसने एक निवृत्त दीपनौका नांगरली. खडकांची सूचना देत समुद्रात उभी राहणारी, दिवा असलेली ही जहाजं आयर्लंडच्या किनाऱ्यावरून तेव्हा जवळपास नाहीशी झाली होती. तिने जहाजाला स्फुरदीप्त, म्हणजे प्रकाश साठवून अंधारात उजळणारा, रंग दिला. रात्री अतिनील दिवे लागायचे, मग विझायचे, आणि जहाज हिरवट उजळून हळूहळू काळोखात मिसळायचं. जागा, काळोख आणि विझण्याचा वेग, हे सगळं त्या कामाचा भाग होतं.

तेव्हा नारळी पौर्णिमेचा विधी जसा आहे तसाच होऊ द्या, आणि होडी पंधरा दिवसांनी, पिठोरी अमावास्येला दाखवा. अमावास्येलाही उधाणाची भरती असते हे तुम्हाला सांगायला नको. नांगराचा दोर त्या हिशेबाने सोडा. जागा निवडताना पुलाचे आणि रस्त्याचे दिवे पाठीमागे येणार नाहीत असं बघा. पाऊस लागला तर पुढची अमावास्या गाठा.

रंगासाठी स्ट्रॉन्शियम अॅल्युमिनेटची भुकटी घ्या. बाजारात झिंक सल्फाइडचीही मिळते, स्वस्त असते, पण ती काही मिनिटांत मंदावते. स्ट्रॉन्शियमच्या भुकटीला पाणी चालत नाही, ती बिघडते. म्हणून पाण्याचा रंग नको, पारदर्शक तेली किंवा पीयू (पॉलियुरेथेन) व्हार्निश घ्या. वजनाने १०० भाग व्हार्निशला ४० ते ५० भाग भुकटी. दर चौरस मीटरला सुमारे २०० ते ३०० ग्रॅम भुकटी बसली तर उजेड नीट दिसतो; त्याला दोन-तीन हात लागतात. जाडसर भुकटी जास्त उजळते, पण डब्यात तळाशी बसते, दर पाच मिनिटांनी ढवळत राहा. खाली पांढऱ्या रंगाचा अस्तर थर हवाच. गडद लाकडावर थेट लावलं तर अर्धा प्रकाश लाकूडच पिऊन टाकतं.

वरून संरक्षक व्हार्निश देताना सगळ्यात जास्त घोटाळा होतो. 'यूव्ही रोधक' व्हार्निश मारलं की अतिनील किरण आत जातच नाहीत आणि होडी उजळत नाही. साधं पारदर्शक व्हार्निश घ्या. पूर्ण होडीवर हात घालण्याआधी ३० बाय ३० सेंटिमीटरचा प्लायचा तुकडा रंगवून, घरात काळोख करून बघा.

दिवे ३६५ ते ३९५ नॅनोमीटरचे यूव्ही एलईडी, दोन-तीन मीटरवरून, दहा मिनिटं. त्यांच्याकडे थेट पाहू नये, मुलांना लांब ठेवावं. दिवे विझल्यावर लोकांचे डोळे काळोखाला सरावायला पाच मिनिटं तरी लागतात. त्या वेळात मोबाइल बंद ठेवायला आधीच सांगा, नाहीतर मेहनत वाया.

मासेमारीला जाणारी होडी रंगवू नका, तिचं रंगकाम आणि नोंदणी क्रमांक वेगळ्या नियमांत येतात. जुन्या होडीवर ४ मि.मी. सागरी प्लायचे रंगवलेले पत्रे बांधले की नंतर काढून ठेवता येतात, रंगाचे कपचे खाडीत पडत नाहीत. पाण्यात उभी करायची तर मेरीटाइम बोर्डाची परवानगी आणि पोलिसांना पत्र हवं. थंडीत मात्र हा प्रयोग नको. नोव्हेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत खाडीवर फ्लेमिंगो असतात, रात्रीचा उजेड आणि गर्दी त्यांना त्रासाची.

प्रश्न : १ फेब्रुवारीला शाळेत सेंट ब्रिजिडचा क्रॉस विणून घ्यायचा आहे. आपल्याकडे ते गवत मिळत नाही. पर्याय आणि कृती सांगाल का?
– शिक्षिका, घणसोली

उत्तर : नक्की. आयर्लंडमध्ये १ फेब्रुवारी हा वसंताचा पहिला दिवस आणि ब्रिजिड या आयरिश संत स्त्रीचा सण. २०२३ पासून त्यानिमित्त सार्वजनिक सुट्टीही आहे. पाणथळ शेतातलं रश नावाचं गवत उपटून आणतात, चार हातांचा क्रॉस विणतात आणि दारावर किंवा छताला लावतात. त्या गवताच्या आत स्पंजासारखा मगज असतो, म्हणून ते मोडत नाही, नुसतं दबतं. आपल्याकडच्या साहित्यात हाच गुण शोधायचा.

भाताचा पेंढा पोकळ असतो, दुमडला की चिरतो. वापरायचाच तर अर्धा तास पाण्यात आणि नंतर ओल्या फडक्यात तासभर ठेवा. त्यापेक्षा नारळाच्या झावळीची पाती सोपी. हीर काढून ६ ते ८ मि.मी. रुंद, ३० सें.मी. लांब पट्ट्या फाडा आणि एक दिवस सावलीत कोमेजू द्या. ताज्या पट्टीने विणलं तर चार दिवसांत ती आकसते आणि मधला चौकोन खिळखिळा होतो. पाणकणीसाची पानंही चालतात, पण तळ्यातली पक्ष्यांची घरटी बघूनच कापा.

एका मुलाला २० ते २८ पट्ट्या द्या. पहिली पट्टी उभी धरा. दुसरी मधोमध दुमडून पहिलीच्या मध्यावर अडकवा, तिची दोन्ही टोकं उजवीकडे. आता सगळं घड्याळाच्या उलट दिशेने पाव वळण फिरवा, म्हणजे ती टोकं वर येतील. तिसरी पट्टी दुमडून वर आलेल्या सगळ्या टोकांवरून घाला, टोकं पुन्हा उजवीकडे. पुन्हा पाव वळण. असंच पुढे. मधला चौकोन अंगठ्याने सतत दाबून धरायचा, नवी पट्टी आधीच्या पट्टीला खेटून बसवायची. मुलं चुकतात ती फिरवायच्या दिशेत : एखादं वळण उलट गेलं की एक हात गायब होतो. बाहेरची बाजू लाल पेनाने खूण करून ठेवली तर चूक लगेच कळते. शेवटची पट्टी आधीच्या फासात ओवा, चारही हातांची टोकं सुती दोऱ्याने घट्ट बांधा आणि मगच कात्रीने सारखी करा. आधी कापलं तर गाठ सुटते.

मुलांना एवढं जरूर सांगा की ही अनेक घरांतली आजची श्रद्धेची वस्तू आहे, आणि वर्ष झालं की नवी विणून जुनी उतरवतात.

प्रश्न : कॅथी फिट्झजेराल्डचं 'जंगल हीच कलाकृती' हे वाचलं. येऊरच्या पायथ्याशी आमच्या संस्थेची अर्धा एकर जागा आहे, सगळी सुबाभूळ आणि गिरीपुष्प. तोडून देशी झाडं लावावीत का?
– संस्थेचे सचिव, ठाणे

उत्तर : सरसकट तोडू नका. फिट्झजेराल्डच्या कामाचा गाभाच हा आहे. कार्लो परगण्यातली 'हॉलीवूड' नावाची तिची दोन-अडीच एकरांची जागा म्हणजे एकसाची स्प्रूसची लागवड होती. २००८ पासून तिने सगळं कापून नव्याने लावण्याऐवजी अधूनमधून निवडक झाडं काढली, उजेड आत आला, आणि स्थानिक झाडं आपणहून उगवली. त्याबरोबर नोंदी, चित्रफिती, लेखन आणि वनधोरणावरचं काम हे सगळं मिळून ती कलाकृती आहे.

तुमच्याकडे पहिल्या खेपेला पाचातलं एकच झाड काढा, मग तीन-चार वर्षं थांबा. मोकळीक आजूबाजूच्या झाडांच्या उंचीपेक्षा रुंद झाली की तिथे रानमोडी आणि घाणेरी घुसते, आणि ती काढण्यातच पुढची वर्षं जातात. सुबाभूळ आणि गिरीपुष्प बुंध्याशी कापली तरी पावसात फुटतात; धुमारे दर दोन महिन्यांनी खुडावे लागतात. सुबाभळीच्या शेंगा पिकायच्या आत खुडा, तिचं बी मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं. जून-जुलैत ऐन, करंज, भोकर, पळस यांची रोपं दिसतील. प्रत्येकाशेजारी रंगवलेली बांबूची काठी रोवा. ही रोपं बहुतेक वेळा मरतात ती गवत कापणाऱ्याच्या विळ्याने.

एकही झाड काढण्याआधी १९७५ च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्याखाली महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची लेखी परवानगी घ्या, आणि जागा राष्ट्रीय उद्यानाच्या पर्यावरण संवेदनशील क्षेत्रात येते का हेही तपासा. येऊरच्या बाजूला ती येण्याची दाट शक्यता आहे.

कलाकृती म्हणून सुरुवात नोंदीपासून करा. चार जागा ठरवा, खुंट्या रोवा, दर महिन्याला त्याच तारखेला, त्याच वेळी, जमिनीपासून १.५ मीटर उंचीवरून, झूम न करता छायाचित्र काढा. मागचं छायाचित्र छापून हातात ठेवा आणि एखादा दगड किंवा खांब दोन्हींत जुळवून घ्या. नुसत्या खुंटीच्या भरवशावर राहिलात तर चौकट थोडी थोडी सरकत जाते आणि वर्षाने तुलना करता येत नाही.

प्रश्न : आयरिश पवित्र विहिरींजवळ झाडांना चिंध्या बांधतात. कोपरीतल्या एका वडावर तशी मांडणी करावी असा विचार आहे.
– नाट्यकर्मी, ठाणे पूर्व

उत्तर : तिथली समजूत अशी की आजाराच्या जागी लावलेली चिंधी झाडाला बांधायची, ती कुजत जाते तसा आजार उतरतो. म्हणून चिंधी कुजणारी हवी. आता तिथेही नायलॉन आणि प्लास्टिक बांधलं जातं. ते कुजत नाही आणि वाढत्या फांदीला करकचून आवळतं. तुम्ही मांजरपाटाच्या, रंग न दिलेल्या, २ सें.मी. रुंद पट्ट्या वापरा, फांदीभोवती दोन बोटं जातील इतकी सैल गाठ मारा, पारंब्यांच्या कोवळ्या टोकांना बांधू नका, खिळे तर अजिबात नकोत. त्या वडाला वटपौर्णिमेला सूत गुंडाळणाऱ्या बायकांशी आधी बोला. ते झाड त्यांचंही आहे.

याच संदर्भात क्लेअर परगण्यातल्या लॅटूनची गोष्ट वाचून ठेवा. १९९९ मध्ये रस्त्याच्या कामात एक काटेरी झाड जाणार होतं. ते परींचं झाड आहे, असं म्हणत कथाकार एडी लेनिहन यांनी मोहीम चालवली आणि झाड वाचलं. शॉन लिंच या कलाकाराने पुढे त्यावर काम केलं. झाडाला न शिवता केलेलं काम कसं असतं याचा तो चांगला नमुना आहे, आणि तुमच्यासारख्या नाटकवाल्यांना तो रस्ता जास्त जवळचा वाटेल.

प्रश्न : 'कॉर्न वर्क' पाहून होळीला पेंढ्याचा वेश करायचा आहे.
– वाचक, कळवा

उत्तर : होळीला नको, आगीजवळ पेंढा कधीच नको. आयर्लंडमध्ये पेंढ्याचे मुखवटे घातलेले स्ट्रॉबॉईज लग्नघरी आगंतुक येतात, रेनबॉईज २६ डिसेंबरला फिरतात. दोन्ही थंडीच्या हवेतले वेश. आपल्याकडे डिसेंबरच्या एखाद्या सकाळी करा. हाताने कापून झोडलेला लांब पेंढा शहापूर-मुरबाडकडून मागवा, यंत्राने मळलेला तुटका असतो, तो विणता येत नाही. आत पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, डोळ्यांसमोर आणि तोंडासमोर मोकळी जागा, आणि पंधरा मिनिटांवर कुणाला आत ठेवू नका.

प्रश्न : अॅलिस माहरच्या 'बेरी ड्रेस'सारखं काम मी बोरांचं केलं. महिन्यात बुरशी आली, भोकं पडली, टाचण्या गंजल्या.
– वाचक, नेरुळ

उत्तर : 'बेरी ड्रेस' १९९४ चा, रानगुलाबाच्या फळांचा लहान मुलीचा झगा. फळं टाचण्यांनी टोचलेली. कुणी तो अंगात घातला तर टोकं कातडीत रुततील. तो डब्लिनच्या आयरिश म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहे. नेरुळच्या हवेत तसं काही टिकवायचं तर तयारी जास्त लागते.

हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते, आणि आपल्याकडे चार महिने ती त्याच्या खूप वर असते. फळं आधी सावलीत पंख्याखाली पूर्ण वाळवा. कापल्यावर आत ओल दिसता कामा नये. बोरं वाळून जवळजवळ निम्मी होतात, तेव्हा मांडणी वाळल्यानंतरच करा, आधी टोचलेली टाचणी सैल पडते. भोकं किड्यांची आहेत. त्यासाठी फळं जाड प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि घरच्या फ्रीजरमध्ये, उणे १८ अंशांना, दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडू नका. लगेच उघडली तर थंड फळांवर दव जमतं आणि सगळी मेहनत फुकट जाते.

टाचण्या स्टेनलेस स्टीलच्या घ्या, चुंबकाला चिकटत नाहीत त्या. पितळेच्या चालतात, पण फळांच्या आम्लाने हिरव्या पडतात. दाखवायची पेटी काचेची, कडा सिलिकॉनने बंद, तळाशी जाळीखाली ओलावा शोषणारं सिलिका जेल. प्रमाण घनमीटरला २० किलो धरतात, म्हणजे ३० सें.मी.च्या घनाकार पेटीला साधारण अर्धा किलो. नारिंगी खुणेचं जेल घ्या. निळ्यात कोबाल्ट असतं, ते टाळा. रंग उतरला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरता येतं. आत छोटा आर्द्रतामापक ठेवा आणि जूनपासून दर आठवड्याला आकडा टिपा.

बोरांऐवजी रिठे चांगले टिकतात, किडाही कमी लागतो. गुंजा मात्र घेऊ नका. त्या लाल-काळ्या बिया दिसायला देखण्या, पण आत अब्रिन नावाचं जहाल विष असतं, आणि टाचणीने भोक पाडताना तीच टाचणी बोटात घुसू शकते.